फ्लॅश आणि तेताच्या पापण्या

ओरेस्ट हावरीलुकने अठ्ठावीस वर्षं गव्हाची प्रत ठरवली. स्टारीब्रीड गावात रुळांच्या कडेला जे उंच लाल लाकडी कोठार होतं, तिथे तो काट्यावर बसायचा. शेतकरी ट्रक भरून गहू आणायचे. ओरेस्ट मूठभर दाणे तळहातावर घ्यायचा, त्यातला एक दाताखाली फोडायचा, खिडकीकडे बघत थोडा वेळ चावायचा आणि निकाल द्यायचा. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, नाहीतर डुकरांना. या निकालावर अपील नव्हतं. पुढे कंपनीने गहू तपासणारं यंत्र आणलं, मग कोठारच पाडलं आणि ओरेस्टला पेन्शन देऊन घरी बसवलं. निकाल द्यायची सवय तेवढी काढून घ्यायची राहिली. बायकोचं बीटाचं सूप, पाद्रीबाबांचं प्रवचन, जावयाची नवी गाडी, सगळ्याला तो नंबर द्यायचा.

"लग्नाच्या दिवशी मला किती दिला होतास रे?" त्याची बायको स्लावका कधीतरी विचारायची.

"दोन," ओरेस्ट खरं सांगायचा. "तुला सर्दी झाली होती."

एक नंबर त्याने आयुष्यात दोनदाच दिला होता, आणि दोन्ही वेळा गव्हाला.

फोटोंचा नाद त्याला तरुणपणापासून होता. पेन्शनीत निघाल्यावर मुलीने डिजिटल कॅमेरा भेट दिला आणि मग त्याला आवरणं कठीण झालं. लग्न, बाप्तिस्मा, बर्फावरच्या खेळाचे सामने, कुणाच्या शेतात उगवलेला अगडबंब भोपळा, ओरेस्ट हजर. पण त्याचं खरं काम दफनभूमीत होतं. स्टारीब्रीडमध्ये थडग्याच्या दगडावर फोटो लावतात. चिनीमातीची अंडाकृती चकती असते, फोटो तिच्यावर भट्टीत भाजलेला असतो, त्यामुळे उणे चाळीसच्या थंडीतही माणूस हसत राहतो. नवराबायकोचा दगड एकच. दोघांतलं एक गेलं की दुसऱ्याचं नावही त्याच वेळी कोरून घेतात, जन्मसाल घालतात, फोटोही लावून टाकतात, आडवी रेघ ओढतात आणि पुढची जागा मोकळी सोडतात. कारागिराची खेप वाचते. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बायका रविवारी जातात, दगडावरच्या स्वतःच्याच नावावरची धूळ पुसतात आणि घरी येऊन कोंबडी शिजायला टाकतात.

तर या चकत्यांवरचे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले बहुतेक फोटो ओरेस्टचे. दफनभूमीतली निम्मी मंडळी ओरेस्टकडे बघूनच हसत होती. एकच जागा रिकामी होती, युर्कोच्या शेजारची. युर्को सोळा वर्षांपूर्वी गेला. त्याच्या चकतीलगत आणखी एक अंडाकृती खळगा कोरून ठेवलेला होता आणि त्यात दर उन्हाळ्यात कोळी घर करायचा.

तो खळगा तेता परास्काचा. ती युर्कोची बायको, वय वर्षं एक्याऐंशी. तेता म्हणजे मावशी. तिला सगळं गावच तेता म्हणायचं. एका सप्टेंबरातल्या सकाळी ती ओरेस्टच्या दारात उभी राहिली. हातात लोणच्याची बरणी होती, म्हणजे काम मोठं होतं.

"दगडवाला दुकान बंद करतोय," ती खुर्चीत टेकायच्या आत म्हणाली. "गुडघे गेले त्याचे. सुगीच्या जेवणाच्या शनिवारी येणार, हातात असतील तेवढे फोटो घेणार, भाजणार, बसवणार आणि घरी जाऊन पाय शेकत बसणार. त्याच्यामागे उरले ते कॉम्प्युटरवाले. ते म्हणे दगडावर सुईने चेहरा टोचतात. मी काय गोधडी आहे?"

"मग दे की एखादा फोटो," ओरेस्ट म्हणाला. "तुझे ढिगाने आहेत."

"डोळे उघडे असलेला एक दाखव."

तसा फोटो नव्हताच. लग्नाच्या फोटोत युर्को छाती काढून उभा आहे आणि परास्का शेजारी डोळे मिटून. थोरल्याच्या बाप्तिस्म्यात बाळाचे डोळे उघडे, आईचे मिटलेले. चर्चच्या पन्नाशीला ऐंशी माणसांचा फोटो काढला, त्यात जागे एकोणऐंशी. गाडी चालवायच्या परवान्यावरही तीच तऱ्हा. एका पोलिसाने तो परवाना हातात घेऊन विचारलं होतं, "बाई, गाडीसुद्धा अशीच चालवता?"

"मिटलेले तर मिटलेले," ओरेस्ट म्हणाला. "थडग्यावरच तर लावायचाय."

"मेल्या, म्हणूनच नको! लोक म्हणतील, मेल्यावर काढला. युर्को तिथे सोळा वर्षं टक्क जागा बसलाय, आणि मी शेजारी घोरत पडू? आणि ऐक, फोटो गावच्या हॉलमध्येच काढायचा. मागे स्टेजचा निळा पडदा, तेच बाक. युर्कोचा तिथलाच आहे, तूच काढलायस. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, दोघं एका बाकावर बसलीत."

ओरेस्टने लोणचं चाखलं. दोन नंबर होतं, बडीशेप थोडी कमी. पण तेताने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने निकाल गिळून टाकला आणि काम पत्करलं. गावातल्या सगळ्यांचे डोळे त्याने उघडे पकडले होते, एका तेताचे राहिले होते, आणि ही गोष्ट त्यालाही दाताखालच्या खड्यासारखी टोचत होती.

तेताच्या दुखण्याचं मूळ आपल्याला सापडलंय अशी त्याची खात्री होती. जुने फोटोग्राफर सगळे "एक, दोन, तीन" म्हणायचे आणि तेता तीनला डोळे मिटायची. म्हणून त्याने आकडे मोजणं बंद केलं. आधी फ्लॅशशिवाय, हॉलच्या उजेडातच काढून बघितला. पण उजेड मिणमिणता, आणि तेताची मान गेली सहा-सात वर्षं हलकेच हलायची, कुणाला तरी सारखं नको नको म्हणत असल्यासारखी. फोटोत बाकावर तीन परास्का दाटीवाटीने बसलेल्या आल्या. मग कॅमेऱ्यावरचा चिमुकला फ्लॅश लावला. तेताचं कपाळ लोणी फासलेल्या तव्यासारखं चकाकलं, मागच्या पडद्यावर अस्वलाएवढी सावली पडली, आणि डोळे मिटलेले.

मग त्याने एक पाप केलं. कॉम्प्युटरवर बसून दुसऱ्या एका फोटोतले डोळे उचलले आणि तेताच्या चेहऱ्यावर चिकटवले. चांगले बसले होते. तेताने चष्मा लावून कागद जवळ धरला.

"हे डोळे कुणाचे?"

"तुझेच समज."

"हे नास्त्याचे आहेत!" तेता खुर्चीतून उठलीच. नास्त्या तिची धाकटी बहीण. लग्नाआधी युर्को एका नाचात दोनदा नास्त्याबरोबर नाचला होता, आणि त्याला साठ वर्षं होऊन गेली तरी ते नाचून संपलं नव्हतं. "माझ्या नवऱ्याशेजारी कायमची नास्त्या बसवतोस? मी जिवंत असताना?"

लोणच्याची उरलेली बरणी ती परत घेऊन गेली. त्या संध्याकाळी ओरेस्टने स्लावकाला सांगितलं, "आता खरा फ्लॅश आणल्याशिवाय इलाज नाही."

सास्काटून शहरातल्या कॅमेऱ्यांच्या दुकानापर्यंत अडीच तासांचा रस्ता. काउंटरवर ग्वेन नावाची, नाकात बारीक रिंग घातलेली मुलगी होती.

"तुम्ही कशाचे फोटो काढता?" तिने विचारलं.

"थडग्याचा काढायचाय."

"सोपं आहे मग. थडगं काही हलत नाही."

"हिची मान हलते."

ग्वेनचा हात कपाटाच्या किल्लीवरच थांबला. "थडग्यात?"

"नाही, नाही, जिवंत आहे. फक्त डोळे उघडत नाही."

ग्वेनने एकदा मागच्या खोलीत मालक आहे ना हे पाहून घेतलं आणि मग काचेवर तीन फ्लॅश मांडले. ओरेस्टने बाह्या सरसावल्या. हे काम त्याच्या हातातलं होतं. एकेक फ्लॅश त्याने तळहातावर तोलला, नखाने टिचकी मारली, खिडकीकडे धरून बघितला. चावून बघायची इच्छा मात्र मोठ्या कष्टाने आवरली. पहिला छोटा होता, त्याचं डोकं जागचं हलत नव्हतं. तो डुकरांना. दुसऱ्याचं डोकं वर होत होतं, पण किती उजेड टाकायचा ते दर वेळी आपण हाताने ठरवायचं. तीन नंबर. तिसरा चांगला वीटभर मोठा, मान चारी दिशांना वळणारी, पाठीवर आकडे उजळणारी छोटी काच.

"हा स्वतः विचार करतो," ग्वेन म्हणाली. "माणूस किती लांब आहे, खोलीत उजेड किती आहे, सगळं मोजतो आणि लागेल तेवढाच उजेड टाकतो. तुम्ही फक्त बटण दाबायचं."

गहू तपासणारं ते यंत्रही स्वतः विचार करायचं आणि त्याने ओरेस्टची खुर्ची खाल्ली होती. हे त्याला तिथेच आठवायला हवं होतं. पण नव्या वस्तूच्या वासाने शहाणीसुरती माणसं फसतात, तिथे ओरेस्टचं काय. "एक नंबर," तो हळूच म्हणाला. आयुष्यातला तिसरा.

निघता निघता त्याला काही सुचलं. "माझा जुना फ्लॅश आहे घरी. फिल्मच्या काळातला. तो या कॅमेऱ्याला चालला असता का?"

ग्वेनने दोन्ही हात वर केले. "चुकूनसुद्धा लावू नका! त्या जुन्यांमध्ये विजेचा असा दणका असतो की नव्या कॅमेऱ्याचा जीव जाईल. आणि हे लक्षात ठेवा, उजेड थेट तोंडावर मारायचा नाही. डोकं वर करा, छतावर मारा, तिथून मऊ होऊन खाली येतो. छत मात्र पांढरं हवं."

त्या दिवसापासून ओरेस्ट छतं बघू लागला. डाकघरात तिकीट घेताना छत, डॉक्टरकडे जीभ बाहेर काढलेली असताना छत. रविवारी प्रार्थनेला तो तासभर घुमटाकडे मान करून उभा होता, तेव्हा पाद्रीबाबा स्लावकाला म्हणाले, "उशिरा का होईना, वर बघायची बुद्धी झाली." घुमट निळा होता, म्हणून ओरेस्टने त्याला तीन नंबर दिला होता, हे स्लावकाने सांगितलं नाही.

हॉलचं छत निघालं फिकट हिरवं. पूर्वी कधीतरी बर्फाच्या मैदानाची कुंपणं रंगवून रंग उरला होता, तो फुकट घालवणारी माणसं गावात नव्हती. पहिल्या खेपेला बाकावर बसलेल्या सगळ्या बायका विषारी अळंबी खाल्ल्यासारख्या हिरव्या आल्या. मग स्लावका शिडीवर चढली आणि चर्चच्या पांढऱ्या चादरी कपड्यांच्या चिमट्यांनी छताला टांगल्या. स्वयंपाकघरात सुगीच्या जेवणासाठी कोबीच्या पानांत भात भरून वळकट्या करणं चालू होतं. त्या बायका हात पुसत एकेक करून बाकावर येऊन बसल्या, आणि काय सांगावं, फोटो असे सुरेख आले की प्रत्येकीची दहा वर्षं कमी झाली. दोघींनी दगडासाठी म्हणून आगाऊच काढून घेतले. त्यातली एक अठ्ठेचाळीस वर्षांची होती.

मग तेता बसली. ओरेस्टने आकडे मोजले नाहीत. हवेच्या गप्पा मारल्या, बटाट्याच्या गप्पा मारल्या, बोलता बोलता मध्येच बटण दाबलं. त्रेचाळीस फोटो काढले. त्रेचाळीस वेळा तेता बाकावर बसून शांत झोपलेली होती.

"तुझा हा दिवा दोनदा लागतो," तेता म्हणाली.

"एकदाच लागतो, तेता."

"दोनदा. आधी बारीक डोळा मारतो, मग मोठा लागतो. त्याने डोळा मारला की माझी पापणी पडते. मोठा येईपर्यंत मी दार लावून आत."

"तुम्हाला दिसला का गं दोनदा?" ओरेस्टने बायकांना विचारलं. त्यांना एकदाच दिसला होता. एक जण म्हणाली, तेताला हल्ली दर आठवड्याला दोन रविवारही दिसतात. सगळ्या हसल्या. ओरेस्टही हसला. तेता हसली नाही. तिने रुमालाची गाठ हनुवटीखाली घट्ट केली आणि घरी गेली.

फ्लॅशबरोबर एक जाडजूड पुस्तिका आली होती. एक नंबरच्या मालाची पुस्तिका वाचायची असते हे ओरेस्टला मान्य नव्हतं. संध्याकाळी जेवायच्या टेबलावर ती स्लावकाने उघडली आणि सुपाचा चमचा हातात धरून मोठ्याने वाचली. फ्लॅश आधी क्षणभर बारीक उजेड टाकून मोजमाप घेतो आणि लगेच मुख्य उजेड टाकतो, हे दोन उजेड डोळ्याला सहसा वेगळे कळत नाहीत, असं तिथे छापलं होतं.

"सहसा," स्लावका म्हणाली.

ओरेस्टचा घास तोंडातच राहिला. तेताने सारं आयुष्य कोंबड्या पकडल्या होत्या, गारांच्या आधी दोरीवरचे कपडे काढले होते, चार पोरांना चुलीत हात घालण्याआधी ओढलं होतं. यंत्रापेक्षा तिची पापणी चपळ होती आणि तो सगळ्यांदेखत तिला हसला होता. त्याला स्वतःची खरोखर लाज वाटली. सकाळी उठून तो तिच्याकडे गेला आणि दारातच म्हणाला, "तेता, दोनदाच लागतो."

"मला ठाऊक आहे. चहा घे."

पुस्तिकेच्या सत्त्याऐंशीव्या पानावर तो बारीक डोळा बंद करायची युक्ती होती. ओरेस्टने चार बटणं दाबून तो फोडला. पण तोवर फार उशीर झाला होता. तेताच्या पापण्या आता शहाण्या झाल्या होत्या. कॅमेरा डोळ्याला लावला की पडायच्या. ओरेस्टने श्वास धरला की पडायच्या. त्याने कॅमेरा तिवईवर ठेवून पाठ फिरवली, दोरीच्या टोकाला असलेलं बटण मुठीत लपवून दाबलं, तरी पडल्याच. तेताला ते मुद्दाम करायचं नव्हतं. ती दोन्ही हातांनी बाक धरून बसायची, डोळे वटारायची, डोळ्यांत पाणी यायचं, आणि ऐन वेळी पापण्या मिटायच्या.

गुरुवारी, दगडवाला यायला दोन दिवस राहिले असताना, ती बाकावरून उठली.

"जाऊ दे रे, ओरेस्ट. राहू दे ती जागा रिकामी. युर्कोला आता सवय झालीय एकट्याने बसायची."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती इतक्या मऊपणे म्हणाली की ओरेस्टला फ्लॅशच्या चारी दिशांना वळणाऱ्या मानेचा तिटकारा आला.

शुक्रवारी सकाळी स्लावका बटाटे काढायला तळघरात उतरली. तिथला दिवा गेला होता. ओरेस्ट वर कपाटात बॅटरी शोधत होता, आणि तिथे खालच्या खणात त्याला जुना फ्लॅश सापडला. काळा, ओबडधोबड, कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेला. सहज त्याने त्यात सेल भरले. फ्लॅशने डासासारखी शीळ घालायला सुरुवात केली, आवाज चढत गेला आणि पाठीवरचा केशरी ठिपका पेटला. त्याच ठिपक्याच्या उजेडात पायरी दिसेल म्हणून ओरेस्ट तो घेऊन खाली उतरला, आणि अंधारात त्याचा अंगठा ठिपक्याशेजारच्या बटणावर पडला.

फाडकन उजेड झाला. स्लावका किंचाळली. बटाटे घरंगळले.

"डोळे मिटलेस का?" अंधारातून ओरेस्टने विचारलं.

"मिटायला वेळ कुठे दिलास, गाढवा!"

ओरेस्ट पायरीवरच बसला. फ्लॅश कॅमेऱ्याला लावायचाच कशाला? कॅमेरा तिवईवर राहील, अंधारात त्याच्या भिंगामागचा पडदा उघडा धरून ठेवायचा, कितीही वेळ. अंधार आहे तोवर काही उमटत नाही. आणि हा म्हातारा नुसता कुणाच्या तरी हातात द्यायचा. मोजमाप नाही, विचार नाही, एकदाच लागतो आणि गप्प होतो. कॅमेऱ्याला त्याचा स्पर्शही नाही.

"स्लावका," तो म्हणाला, "उद्या तुला काम आहे."

शनिवारी सकाळी हॉलच्या खिडक्यांवर घोंगड्या लावल्या. स्वयंपाकघरातल्या बायकांना बजावलं की कांदा जळाला तरी दार उघडायचं नाही. तेता यायला तयार नव्हती, स्लावका तिला जवळजवळ उचलूनच घेऊन आली. तिने फुलाफुलांचा चांगला रुमाल बांधला होता. ओरेस्टने तिला बाकाच्या उजव्या अर्ध्यात बसवलं, डावा अर्धा युर्कोसाठी मोकळा सोडला, उजेडात कॅमेरा नीट लावून घेतला आणि मग दिवे बंद केले. डोळ्यात बोट घातलं तरी कळणार नाही असा अंधार झाला.

"आता काय?" तेता म्हणाली.

"आता एकदाच लागेल. एकदाच, शपथ."

"कधी?"

"मला माहीत नाही. स्लावकाला माहीत."

"स्लावका, कधी?"

"मला पण नाही माहीत," स्लावका म्हणाली.

जुना फ्लॅश शीळ घालून गप्प झाला. स्वयंपाकघरातून कांद्याचा वास येत होता.

"मी डोळे मिटून बसलेय," तेता म्हणाली. "आधीच सांगते, मग मला बोलू नका."

ओरेस्टने मुठीतलं बटण दाबून पडदा उघडा धरला होता. मग स्लावकाने सहज, भाजी निवडताना विचारावं तसं विचारलं, "तेता, युर्कोकाकाचा तो फोटो काढला तेव्हा तू कुठे होतीस गं?"

"कुठे असणार? स्वयंपाकघरात! दोनशे माणसांचं जेवण होतं, वळकट्या कोण बांधणार? मला हाक मारली का या ओरेस्टने? अंहं. युर्कोला धरला, बाकावर बसवला, काढला. मला नंतर कळलं."

"हाक मारली असती तर?"

"तर टाय सरळ केला असता!" तेताचा आवाज चढला. "बघितलायस तो टाय? डावीकडे गेलाय, पार कॉलरच्या बाहेर. रोज घरातून निघताना मी सरळ करायचे. पंचेचाळीस वर्षं! एक दिवस मी नव्हते तिथे, आणि याला फोटो काढायला तोच दिवस मिळाला. सोळा वर्षं झाली, दर रविवारी जाते, दगड पुसते, आणि टाय तसाच. बोट लावलं तर गुळगुळीत चकती. सरळ होतोय का? जन्मभर सांगितलं, युर्को, आरशात बघ, युर्को, एकदा तरी आरशात बघून निघ रे—"

उजेड एकदाच पडला.

नंतर पुन्हा अंधार. ओरेस्टने दिवे लावले तेव्हा तेता तोंडाला रुमाल लावून बसली होती. कॅमेऱ्याच्या पाठीवर चित्र उमटलं होतं. तिघांनी डोकी जवळ आणली.

डोळे उघडे होते. मोठे, करडे, निळसर झाक असलेले. गावातल्या कुणीही ते फोटोत पाहिले नव्हते. बाकी सगळा आनंद होता. तोंड उघडं, उजवा हात वर, तर्जनी ताठ, आणि मान बाकाच्या रिकाम्या अर्ध्याकडे वळलेली.

"तीन नंबर," ओरेस्ट हळहळून म्हणाला. "पण रीत सापडली. हात खाली घे, समोर बघ, तोंड मीट. आणखी एक काढू."

तेताने कॅमेरा दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ बघत राहिली. तिची मान हलत होती, पण आता नको म्हणत असल्यासारखी वाटत नव्हती.

"हाच लावायचा," ती म्हणाली.

"तेता, थडग्यावर असं भांडताना? लोक काय म्हणतील?"

"तुला गव्हातलं कळतं, तेवढंच बघ. युर्कोने मला पंचेचाळीस वर्षं अशीच पाहिलीय. गप्प बसलेली लावलीस तर म्हणेल, ही कोण?"

दुपारी दगडवाला आला. त्याने फोटो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाला की त्याच्या उभ्या जन्मात त्याने हसणारी लावली, रडवेली लावली, एक दारू प्यालेलाही लावला, पण ओरडणारी पहिलीच. बर्फ पडायच्या आत त्याने चकती बसवून दिली. कोळ्याला बाहेर काढताना तेता जातीने हजर होती.

नवा फ्लॅश ओरेस्टकडे अजून आहे. लग्नाबिग्नात तो चांगलं काम करतो, पण त्याचा नंबर उतरून दोन झाला आहे. जुन्याला ओरेस्टने नंबर दिलेला नाही. तो स्वयंपाकघरात फडताळावर ठेवलेला असतो आणि स्लावका त्याच्यावरची धूळ पुसते.

स्टारीब्रीडच्या दफनभूमीत तिसऱ्या रांगेत आता युर्को समोर बघत बसला आहे, टाय डावीकडे गेलेला. शेजारी परास्का त्याच्याकडे वळून बोट रोखून आहे, आणि बोट नेमकं टायवर आहे. पूर्वी तेता रविवारी तिथे अर्धा अर्धा तास उभी असायची आणि तिचा आवाज फाटकापर्यंत ऐकू यायचा. आता ती येते, दोन्ही चकत्या पुसते आणि पाच मिनिटांत परत निघते. एकदा ओरेस्टने तिला फाटकात गाठलं आणि विचारलं, "एवढ्यात झालं?"

"ती आहे ना तिथे," तेता म्हणाली. "आता तिला बोलू दे."